आंदणाच्या मेंढरांची हाळी

माझ्या लग्नात बापानं मला आंदण म्हणून पंधरा मेंढ्या दिल्या, आन तिथनंच सगळं बिघडत गेलं. मेंढ्या चांगल्या हुत्या, काळ्या तोंडाच्या, भरल्या लोकरीच्या, त्यात येक घंटीवाली, म्होरं चालणारी. पण त्या बापाच्या हाळीवर वाढलेल्या. ज्यानं मेंढरं राखली न्हाईत त्याला ह्ये कळायचं न्हाई म्हणून सांगते. आमच्यात परत्येक घराची हाळी येगळी. माळावर चार घरांची मेंढरं येकात येक मिसळली तरी ज्यानं त्यानं आपली हाळी घातली की ज्याची त्याची निवडून मागं जात्यात. दुसऱ्यानं किती बी वरडू द्या, मान वर करत न्हाईत. माझ्या बापाची हाळी खालनं घुमत यायची, मधी जिभंची थरथर, आन शेवटाला आवाज वर जाऊन मोडायचा. कागदावर ती लिवता येत न्हाई. मी तिसरीपतुर शाळंत गेले, पण हाळी मला शाळंच्या आदीपासनं येती.

म्हायेर माझं सांगलीकडं, आटपाडीच्या अंगाला. सासर म्हसवडच्या माळावर. दोन्हीकडं दुष्काळच, तवा दिवाळीच्या मागनं मेंढरं घेऊन निघायचं, कराड, पाटण, कोयना, आन तिथनं घाट उतरून कोकणात. आमी वाडा म्हणतो तो घराचा न्हाई. मेंढरं, घोडी, कुत्री, बाया, लेकरं आसा जो सगळा लोंढा संगं चालतो, त्याला आमच्यात वाडा म्हणत्यात.

बापाची हाळी तिघांना यायची. बापाला, मला, आन माझ्या आत्याच्या पोराला. आत्या लौकर वारली, तवापसनं तो आमच्यातच वाढला. मी मामाची पोरगी, म्हणून लोक मला त्याचीच धरून चालायचे. आमीबी चालायचो. बोललो कवाच न्हाई, बोलायचं काय त्यात. पण माझा बाप म्हणला, ह्यो काय घरातलाच हाय, पोरगी मेंढरं आसलेल्या घरात द्यावी. दिली. आन लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्या पंधरा मेंढ्या हाकत हाकत माझ्या सासरी कुणी आणल्या, तर त्यानंच.

मेंढ्या चारा खाईनात. माझ्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, आपली हाळी घातली की ह्या उभ्याच्या उभ्या. मग मालकच त्याला म्हणलं, "गड्या, ऱ्हा की चार म्हैनं. तुझी भण ऱ्हायलीया, तू बी ऱ्हा."

"भण न्हाई, मामाची पोरगी," कुणीतरी मागनं बोललं, आन सगळी हासली. मालकबी हासलं. चार म्हैन्यांसाठी ऱ्हायलेला तो मग आमच्या वाड्यातच ऱ्हायला.

मालक वाईट न्हवतं. ह्ये मला आधी लिवलं पायजे. येका ताटात जेवायची दोघं, ह्यो त्यास्नी दाजी म्हणायचा, आन ते त्याला पाव्हणं म्हणून चिडवायचं. माझ्या पायात काटा मोडला तर मालक सगळा वाडा थांबवून काटा काडायचं, सासू बोलायची तरी. मला लेक झाली तवा सासू गप बसली, पण मालक न्हाई. कोकरांची पहिली लोकर लय मऊ आसती, ती कातरून सनगराकडनं लेकीसाठी हातभर घोंगडं इणून आणलं त्यांनी. मलाबी मग ते आवडायला लागलं हुतं. खोटं कशाला बोलू. दोघंबी आवडायचं, पण दोन्हीचं आवडणं येगळं हुतं, आन ह्ये कुणाला सांगायचं.

त्या साली वाडा पाटणच्या अलीकडं उतरला हुता. दुपार हुती, मी तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकत हुते. आत्याच्या पोरानं, त्याला समदी आत्याचाच म्हणायची, वढ्यापलीकडनं मेंढरांना हाळी घातली. मी मान वळवली. मला कळलंबी न्हाई मी वळले ते. मालक म्होरं बसलं हुतं. तव्यावरली भाकरी करपली.

"आगं," मालक म्हणलं, "मेंढरांसंगं तूबी वळतीस की!"

सासू हासली. मीबी हासले. सांजच्याला परत हाळी आली, मी परत वळले, आन त्या टायमाला कुणीबी हासलं न्हाई. मालक लेकीला मांडीवर घेऊन माझ्याकडंच बघत बसलं हुतं. म्हणजे मी वळते का ते बघत हुतं. आन मला ठावं आसून मी वळले. मान माझी आसून माझी न्हवती.

दुसऱ्या दिवशी दोघांची जुपली.

"दाजी, मी मेंढरांना हाळी घातली. माणसाला न्हाई."

"मग माणूस का वळलं?"

 

मालकानं कमरंची पिशवी सोडली, भंडारा काडला. भंडारा म्हणजे देवाची हळद, आमच्यात तिच्यावर हात ठिवून खोटं बोलत न्हाईत, बोललं तर वंस ऱ्हात न्हाई म्हणत्यात. मालकानं आमा दोघांच्या बी हातावर ती ठिवली. म्हणलं, "ही मेंढरं आता म्हसवडची. आजपासनं ह्यास्नी माझी हाळी. ती जुनी हाळी ह्या वाड्यात कुणी घालायची न्हाई. तू न्हाई, आन तूबी न्हाई."

आत्याचा म्हणला, "न्हाई घालत."

मी म्हणलं, "न्हाई घालत." आन पिवळा हात मी लुगड्याला पुसला, तर मालक म्हणलं, "पुसू नगंस."

तवापसनं चालण्याची रीतबी त्यांनी बदलली. आदी आत्याचा मेंढरांसंगं चालायचा, कुत्री त्याच्या आजूबाजूला. आता मालकानं त्याला सगळ्यात मागं टाकला, सासूच्या घोड्याच्या बी मागं, माझ्यापासनं लांब. आन कुत्री त्याच्यावाचून चालंनात, म्हणून कुत्रीबी मागं गेली. मेंढरांच्या कडंला कुणीच ऱ्हायलं न्हाई. कुणी बोललं न्हाई त्यावर. मीबी न्हाई. मला वाटलं, दोन दिसांत राग उतरंल.

कोयनेच्या वरल्या रानात गवत लय. आदी आमचा वाडा नदीकाठच्या जुन्या वाटंनं जायचा, रुंद वाट, गाडी जाईल आशी. धरणाचं पाणी चढलं आन ती वाट पाण्याखाली गेली. म्हणून त्या साली डोंगराच्या कुशीतनं नवी पायवाट धरली. येका अंगाला उभा कडा, दुसऱ्या अंगाला खाली खोल झाडी, आन तिच्या बी खाली पाणी. दोन मेंढरं जोडीनं कशीबशी चालतील येवढीच रुंदी.

सकाळची उन्हं यायची येळ झाली हुती, पर धुकं आसलं की हातातली काठी दिसंना. मालक सगळ्यात म्होरं. त्यांच्या मागं मेंढरं, म्होरच्याला आंदणाची, घंटीवाली त्यांच्यात. मग मी, पाठीला लेक बांधलेली. माझ्या मागं येक वळण, वळणामागं घोडं घेऊन सासू, आन तिच्या मागं आत्याचा, कुत्र्यांसंगं. ही रांग ध्येनात ठिवा. सगळं तिच्यातच हाय.

आधी वास आला. मग मागं घोडं खिंकाळलं. वरनं येक दगड घरंगळत आला, आन त्याच्या मागनं काय तरी पिवळं माझ्या म्होरं चार हात लांब पडलं, शेवटच्या मेंढीच्या अंगावर. वाघरू. मेंढीनं येकच आवाज काडला. त्यानं तिला नरड्याला धरली आन खाली झाडीत वढत नेली, गवत दबल्याचा आवाज तेवढा येत ऱ्हायला. मला वरडाय येईना. पाठीवर लेक जागी झाली आन माझ्या मानंला चाटाय लागली. मी जागची हलले न्हाई.

मेंढरं उधळली. म्होरं पळाली, येका दमात. घंटी जोरजोरानं वाजाय लागली. मालकानं आपली हाळी घातली, येकदा, दोनदा. घंटी थांबंना. मग त्यांचा आवाज आला, "आरं थांबवा! म्होरं दरड पडलीया! वाट न्हाई म्होरं!"

म्या वाट बघितली. आता घालंल, आता घालंल, म्हणून. आत्याच्याची वाट बघितली. मागं कुत्री भुकत हुती, पण त्याचा आवाज न्हाई. माझ्या हातावरली हळद कवाच गेली हुती, तरी मी हात लुगड्यात लपवला. म्होरनं मालक परत वरडलं, पण ह्या खेपंला शबूद न्हवतं, नुसता आवाज, जसं कुणी ढकलतंय आन माणूस पाय रोवतंय.

तवा म्या हाळी घातली. बापाची. खालनं, थरथरत, वर नेऊन मोडली.

घंटी थांबली. मग ती उलटी वाजत माझ्याकडं यायला लागली. आंदणाच्या मेंढ्या तितल्या तिथं फिरल्या, म्होरं रेटणाऱ्या मेंढरांच्या अंगावर, तेवढ्याश्या वाटंत, आन मालक त्यांच्या मधी हुतं. मला दिसलं काय न्हाई. मेंढ्या धुक्यातनं आल्या आन माझ्या पायांना येऊन चिकाटल्या, धापा टाकत. पलीकडं दगड पडत गेलं, लय येळ पडत गेलं. मालक वरडलं सुदिक न्हाईत.

दुपारी धुकं फाटलं तवा आत्याचा खाली उतरला. झाडाच्या मुळ्यांना धरून धरून गेला, आन मालकाला पाठीवर बांधून वर आला. त्याचं गुडघं सोलून निघालं हुतं. मालकाच्या तोंडावर काय लागलं न्हवतं. कपाळाला नुसती माती.

आमच्या मागल्या दुसऱ्या वाड्यासंगं माझा चुलत सासरा हुता, तो येऊन पोचला. तो दरडीपतुर गेला आन खाली वाकून वाट बघत बघत माघारी आला. मेंढरं राखणाऱ्याला खुरं वाचता येत्यात. म्हणला, "मेंढरं हितं वळलीत. सगळी खुरं उलटी. हितं कुणी तरी जुनी हाळी घातली. कुणी घातली?"

म्या तोंड उघाडलं. खरंच उघाडलं हुतं. पण माझी सासू, जी तवर आपल्या मेलेल्या पोराच्या पायाशी बसून हुती, ती उठली, माझ्या पाठीवरनं लेक सोडली, माझ्या मांडीत घातली.

"पोरगी भुकंजलीया," ती म्हणली. "पाज आधी."

आन मग चुलत सासऱ्याकडं वळून म्हणली, "त्यानंच घातली. दुसरं कोण?"

आत्याच्यानं मान खाली घातली. मी लेकीला पाजत बसले.

म्हसवडला माघारी आल्यावर माणसं बसली. मला बाईमाणूस म्हणून लांब बशिवलं. आत्याच्याच्या म्होरं भंडाऱ्याची वाटी ठिवली आन म्हणलं, "उचल चिमूट आन सांग, हाळी म्या घातली न्हाई. मग तू मोकळा."

ते तर खरंच हुतं. त्यानं घातली न्हवती. चिमूट उचलायची, येवढंच. सगळी बघत हुती. मी लांबनं बघत हुते, आन देवाला काय मागत हुते ते मला अजून कळत न्हाई. त्यानं उचलावी म्हणत हुते, की न्हाई उचलावी.

त्यानं हात लावला न्हाई.

कुणी म्हणलं ठरवूनच केलं, मामाच्या पोरीसाठी केलं. त्याला वाड्यातनं काडला. घोंगडं आन काठी त्यानं तिथंच ठिवली. माझ्याकडं बघितलं न्हाई. मला वाटलं, ह्यानं माझ्यासाठी केलं. चार वर्सं मी त्याच्यावरच जगले. भाकरी थापताना, लेकीला न्हाऊ घालताना, मनात तेच, की येक माणूस माझ्यासाठी बदनाम झाला, आन मी गप हाय. ऐकलं की तो कोयनानगरला कामाला लागलाय, पाट्या उचलतोय. जल्मभर मेंढरं राखलेला माणूस.

मग भुईकंप झाला. आमी तवा घाटाखाली कोकणात हुतो, भुई तिथंबी हालली, मेंढरं सगळी उभी ऱ्हायली. उजाडल्यावर माणसं सांगाय लागली, कोयनानगर झोपलं, घरं पडली, माणसं मेली. मी सासूच्या म्होरं जाऊन बसले. ती लोकर पिंजत हुती.

"मामी," म्या म्हणलं, "तो मेला आसंल तर माझं पाप घेऊन मेला. त्या दिवशी हाळी म्या घातली हुती."

तिनं लोकर पिंजायची थांबवली न्हाई. "ठावं हाय."

"ठावं हाय?"

"हाळी म्होरनं आली. तो माझ्या मागं हुता. मला काय कान न्हाईत व्हय?"

म्या म्हणलं, "मग तुमी त्याचं नाव का घेतलं?"

तवा ती थांबली. "पोरगा गेला हुता माझा. नात तेवढी ऱ्हायली हुती, आट म्हैन्याची. तुला काडली आसती तर ती कुणाच्या दुधावर वाढली आसती? त्याला काय, येकटा जीव." मग लोकर परत हातात घिऊन म्हणली, "तुला अजून सांगायचं आसंल तर सांग माणसांना. पण मग पोरगी हितं ऱ्हाईल आन तू जाशील. बघ."

म्या बघितलं. लेक कोकराला मिठी मारून बसली हुती. मी कुणाला सांगितलं न्हाई.

उन्हाळ्यात वाडा माघारी घाट चढला. कोयनानगरच्या सडकंला मी सासूला म्हणलं, "येक डाव बघून येते." ती म्हणली, "पोरगीला घेऊन जा." म्हणजे मी माघारी येईन, ह्यासाठी.

तो जित्ता हुता. पत्र्याच्या खोल्या बांधत हुती तिथं विटा वाहत हुता. कपाळाला जुनी खोक, केस पांढरं व्हाला लागलेलं, आन वय काय, तिशीबी न्हाई. मला बघून त्यानं डोक्यावरली पाटी खाली ठिवली.

"भुईकंपात लागलं?"

"भित पडली. तुमचं कसंय?"

तुमचं म्हणला मला. मला रडूच आलं. म्या म्हणलं, "चिमूट का न्हाई उचललीस? माझं नाव आलं आसतं म्हणून ना?"

तो लेकीकडं बघत हुता. "हिचं नाक दाजींचं हाय," म्हणला.

"मी काय इचारतीया?"

"तुझ्यासाठी न्हाई गं," तो म्हणला. आता तू म्हणला. "मेंढरं उधळली तवाच म्या तोंड उघाडलं हुतं. हाळी गळ्यापतुर आली हुती. तवा जागा हुती, दरड लांब हुती, शिस्तीत वळली आसती, कुणाला धक्का लागला नसता. आन तवाच मनात आलं, शपथ त्यांनीच घातलीया. बघू दे त्यांची त्यास्नी. येवढंच आलं मनात. लय न्हाई, दोन दम घेशील तेवढा येळ. मग तुझी हाळी ऐकली."



"शपथंसाठी मी गप न्हवतो बसलो," तो म्हणला. "मग चिमूट कशी उचलू? घातली न्हाई म्हणून मोकळं व्हायचं? घातली न्हाई हेच तर..."

त्यानं पाटी परत डोक्यावर घेतली. कुणी तरी त्याला हाक मारत हुतं. जाता जाता म्हणला, "पोरगीला जप." म्या चार वर्सं जे जपलं हुतं ते माझ्या हातातनं काडून घिऊन गेला, आन मला त्याचा राग आला, आन कपाळाला माती लागलेल्या मालकाची लय आठवण आली. आत्याच्याच्याबी पोटात तेच पाप हुतं, माझ्याबी. येकानं घातली न्हाई आन येकीनं उशिरा घातली. मरायचं ते तिसरंच मेलं.

सडकंला आले तर घोटाळा झाला हुता. येक ट्रक उभा, ड्रायव्हर भोंगा वाजवत शिव्या देत हुता, मेंढरं भिऊन सगळ्या सडकंभर. सासूनं हाळी घालून घालून घसा बसवला. नवी पिल्लं तिला ऐकत हुती, पण आंदणाच्या म्हाताऱ्या मेंढ्या ट्रकाच्या चाकापाशी घोळका करून उभ्या. जी घंटीवाली, ती तर चाकाला टेकून.

सासूनं माझ्याकडं बघितलं. "घाल की," म्हणली. "आशी किती दिस मुकी ऱ्हाशील?"

म्या घातली. चार वर्सांनी. मेंढ्यांनी माना वर केल्या आन आल्या, येकामागं येक, माझ्या पायांपाशी. माझ्या मागं ईसेक पावलांवर तो विटा वाहत हुता, त्यानंबी ऐकली आसंल. त्यानं काय केलं मला ठावं न्हाई.

आता आमी म्हसवडच्या माळावर हाय. सासू बसूनच आसती, मेंढरं मी राखते. लेकीनं त्या दिवशी सडकंला ऐकली आन हाळी उचलली, कुणी शिकवली न्हाई. शेवटाला आवाज मोडायचा बी तिला जमतो, माझ्या बापासारखा. दिसभर घालती, खेळ म्हणून, आन मेंढ्या बिचाऱ्या येत्यात. मी तिला गप कर म्हणत न्हाई. म्हणणार तरी काय. पण तिनं हाळी घातली की मेंढरं वळायच्या आदी मी बघते. हितं कडा न्हाई, दरी न्हाई, सपाट माळ हाय, पार सिद्धनाथाच्या कळसापतुर दिसतं. तरीबी बघते, मेंढरांच्या म्होरं कोण माणूस उभं हाय का.